अर्धलीची हरणी

श्रीमती सरजाबाई व्यंकटी सूर्यवंशी, राहणार बौद्धनगर, लातूर. वय नोंदीप्रमाणे पस्तीस, शिक्षण निरंक, पदनाम पाणीवाली, वर्ग चार. सदर महिला या कार्यालयाच्या आस्थापनेवर पती मयत व्यंकटी सूर्यवंशी, शिपाई, यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर रुजू झाल्या असून कार्यालयीन वेळेत पिण्याच्या पाण्याची अखंड व्यवस्था ठेवणे, तसेच साहेबांच्या मेजावरील पेला, साहेब असोत वा नसोत, सदैव भरलेला व झाकलेला ठेवणे, ही त्यांची कर्तव्ये होत. अवलंबित: सासू, एक. पाळीव जनावर: निरंक.

यातली शेवटची नोंद चूक होती. बाकीच्या बरोबर होत्या, पण त्यांचा कुणाला उपयोग नव्हता.

लातूरला जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि पाऊस तोंड फिरवून दोन. जिल्हा झाल्याबरोबर कार्यालयं आली, कार्यालयांबरोबर पाट्या आल्या, पाट्यांखाली बसायला माणसं आली, आणि मग या सगळ्यांना पाणी लागतं हे लोकांच्या ध्यानात आलं. सरजाबाईचं कार्यालय डाळमिलच्या जुन्या गोदामात भाड्यानं भरत होतं. छतातून अजून तुरीची भुकटी गळायची आणि फायलींवर पिवळी साय धरायची. पाकिटांवर उस्मानाबाद छापलेलं होतं. ते खोडून वर लातूर लिहिण्याचं काम एका कारकुनाला वर्षभर पुरलं. साहेबांचा मूळ पदभार उस्मानाबादला आणि इथला अतिरिक्त, म्हणजे ते इथं नसत. पेला मात्र असायचा. टँकर आला की सरजाबाई पहिल्यांदा तो भरायची, मग माठ, मग उरलं तर माणसं.

व्यंकटी याच कार्यालयाची नवी पाटी लावून शिडीवरून उतरला, छातीत कळ येतेय म्हणाला आणि पाटीखालीच बसला तो उठला नाही. सरकारनं त्याची नोकरी बायकोला दिली. बाईला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून शिपायाच्या ऐवजी पाणीवाली केली. नोकरीखेरीज व्यंकटीनं मागं ठेवलं ते एवढंच: आई पार्वतीबाई, एक सायकल, आणि हरणी.

हरणी ही कारवानी जातीची कुत्री. उभट तोंड, कमानीसारखी पाठ, पोट आत ओढलेलं आणि बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. ही कुत्री सशामागं सोडतात आणि बहुतेक वेळा ससा घेऊनच येतात. दुष्काळात लातूरची सगळीच कुत्री कारवानी दिसायला लागली होती; हरणीचं तेवढं जन्मजात होतं. ससे केव्हाच संपले होते. ती दिवसभर दाराशी पडून राही आणि सरजाबाई कामावरून आली की उठून तिच्या पायावर हनुवटी टेकवी. तेवढा एकच जीव सरजाबाईची दिवसभर वाट बघायचा. सासू वाट बघत नसे. सासू पाण्याची वाट बघायची.

चैत्र सरता सरता हरणी माजावर आली. गल्लीतली यच्चयावत कुत्री दारापुढं येऊन बसली, जशी काही तिथं अर्ज घेण्याची खिडकी उघडली होती. सरजाबाईनं हरणीला आत बांधलं आणि दार लोटलं. त्याच आठवड्यात जिलानी आला.

जिलानी पिंजारी. गाव हिमायतनगर, नांदेडच्याही पलीकडं. लग्नसराईत खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून तो लातुरात यायचा, गल्लोगल्ली गाद्या पिंजून द्यायचा आणि महिनाभर पाठ टेकायला व्यंकटीचा ओटा वापरायचा. त्याची आणि व्यंकटीची दोस्ती कशी झाली हे दोघांनाही आठवत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तो आला, तेव्हा व्यंकटीला जाऊन थोडेच दिवस झाले होते. ओट्यावर बसून नुसता रडला आणि परत गेला. औंदा तो धनुकली ओट्याला टेकवून बसला. सरजाबाईनं अर्धा तांब्या पाणी दिलं. तो आब राखून दोनच घोट प्याला आणि उरलेलं परत दिलं. आत हरणी कण्हली, तसे त्याचे कान टवकारले.

"भाभी, ही माजावर आली की."

"हाव."

"मग परवा सकाळीच रेणापूरला नेतो हिला. नासिरच्या मळ्यात माझा नर हाय, बादल. दोन रोज ठेवतो, फळवतो, आणून सोडतो."

"कशाला?"

जिलानी हसला. त्याला वाटलं, भाभी चेष्टा करून राहिली. मग तिच्या तोंडाकडं बघून त्याचं हसू विरलं.

"व्यंकटीनं सांगितलं न्हाई तुला? हरणी अर्धलीनं दिलेली हाय मी."

अर्धल म्हणजे काय हे सरजाबाईला कुणी शिकवायला नको होतं. ज्याला परवडत नाही तो दुसऱ्याची म्हैस सांभाळायला घेतो. चारा-पाणी सांभाळणाऱ्याचं, आणि जे काही होईल ते अर्धं-अर्धं. पण म्हशीचं ते. कुत्रीचीही अर्धल असते, हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती. जिलानीच्या घराण्यात ती बापजाद्यांपासून होती. कुत्री विकायची नाही, पिल्लू असतानाच विश्वासाच्या माणसाला द्यायची. पहिलं वेत झालं की अर्धी पिल्लं जिलानीच्या घरी परत, अर्धी सांभाळणाऱ्याची, आणि कुत्री कायमची त्याची.

"आन् वेतच न झालं तर?"

"तर कुत्री परत येती." जिलानीनं मान खाली घातली. "पर तसं अजून कधी झालं न्हाई, भाभी. व्यंकटी म्हणायचा, पुढच्या पाण्यावर बघू, पुढच्या पाण्यावर बघू. आता हिचं वय बी निघून चाललं. माझ्याकडं ह्या वळणाची हीच राहिली. हिची मायबहीण सगळी गेली."

तो गेल्यावर सरजाबाई उंबऱ्यावरच बसून राहिली. भाकरीचा तुकडा मोडताना आधी तिला आणि मग आपल्याला, असं चार वर्षं केलं, ती कुत्री अर्धी जिलानीची निघाली होती. कोणतं अर्धं आपलं, याचा ती विचार करीत राहिली. खाणारं अर्धं आपलं असणार, असं तिला शेवटी वाटलं. नवऱ्यानं हे सांगितलं नव्हतं याचा राग यायला हवा होता. तो आला नाही. नुसतंच पाठीत कुणी धपाटा घालून निघून जावं तसं झालं. एक मात्र तिला स्पष्ट दिसलं. हरणीला फळवायचं, तर या पाण्यावर पिल्लं कशावर जगणार, आणि हरणी तरी कशावर जगणार. नाही म्हणायचं, तर हरणी दारातून जाणार.

दुसऱ्या दिवशी ती कार्यालयात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जिलानी सकाळी अव्वल कारकून रेवणसिद्ध स्वामींच्या घरी गादी पिंजायला गेला होता आणि बोलला होता. स्वामी अंगानं रुंद, आवाजानं गोड आणि टँकरचं पाणी कुठं जातं यावर त्यांची सही चाले. त्यांनी सरजाबाईला टेबलापाशी बोलावलं आणि चंची उघडली.

"सरजाबाई, अभिनंदन. आमची जोडी आठवणीत ठेवा."

"कसली जोडी, साहेब?"

"पिल्लांची. नर-मादी. व्यंकटीनं शब्द दिला होता आम्हाला. जिल्हा झाला त्याच साली."

तिकडून दप्तरी म्हणाला, एक मला. नाईक म्हणाला, मला नर, पांढऱ्या पायाचा, व्यंकटीभाऊनं पायासकट कबूल केलंय. दुपारपर्यंत डाळमिलचा राखणदार आला, संध्याकाळी घरी जाताना सायकल दुकानवाल्या गुरुबसप्पानं हाक मारली. व्यंकटी बोलका माणूस होता आणि त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यानं पिल्लांचं वाटप हयातीतच पुरं केलं होतं. जन्मायचं काम तेवढं पिल्लांवर सोपवलं होतं. हरणी एका वेतात सगळ्यांचं समाधान करायला निघाली, तर तिला डुकरीण व्हावं लागलं असतं. वर त्यातली अर्धी हिमायतनगरची.

स्वामींनी जाता जाता आणखी एक गोष्ट केली. म्हणाले, "पाण्याची काळजी करू नका. ती गाभण आहे तोवर आणि पिल्लं उठेपर्यंत, रोज एक बादली कार्यालयाच्या टँकरमधून. मी बघतो." ही बादली लहान गोष्ट नव्हती. बौद्धनगरात घरटी दोन घागरी मिळत होत्या आणि त्याही भांडून. सरजाबाईनं सासूसाठी कधी कार्यालयातून तांब्याभर पाणी नेलं असतं, तर याच स्वामींनी नियम वाचून दाखवला असता. न जन्मलेल्या पिल्लांची पत तिच्यापेक्षा जास्त निघाली. तिला याचा धक्का बसला, पण बसल्यासारखं दाखवायला पाणीवालीला जागा नसते. ती माठ विसळायला गेली. माठ कोरडा होता, तरी विसळला.

घरी आली तर पार्वतीबाई ओट्यावर पाय पसरून बसली होती. म्हातारीला कमी दिसायचं आणि जास्त ऐकू यायचं. सरजाबाईनं सगळं सांगितलं. मग एकेक विचारू लागली, विचारत होती ती म्हातारीलाच असंही नाही.

"आत्याबाई, तिच्या अंगात तेवढी ताकद हाय का? सहा-सात तरी व्हतील. दूध उतरंल का? चुकून वादळी पाऊस झाला तर पाणी यील, न्हाईतर जून तरी लागंलच की. बादली देतो म्हणतेत स्वामी. देतील का खरंच? आन् न्हाई दिली तर पिल्लं आपल्या डोळ्यांदेखत… आन् परत द्यावी तर…"

पार्वतीबाई म्हणाली, "सरजे, कुत्रीचं बरं इचारून राहिलीस. झेपंल का, दूध उतरंल का. बाहत्तरला तुला कोण इचारलं व्हतं?"

सरजाबाईचा हात हरणीच्या डोक्यावर होता तो तिथंच राहिला.

बाहत्तरच्या दुष्काळात सासू-सुना दोघी रेणापूरच्या रस्त्यावर खडी फोडत होत्या. सरजाबाईला पहिलटकरपणाचे दिवस भरत आले होते. परदेशी मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि सरकारी सुकडी खाऊन माणसं उभी राहत होती, एवढंच. मुलगी कामावरच झाली, बाभळीखाली, बायकांनी लुगडं धरून. दूध उतरलं नाही. पाळण्यात घालायच्या आधीच मुलगी गेली आणि नाव ठेवायचं राहून गेलं. हजेरीपटावर त्या आठवड्यात सरजाबाईचा एकच खाडा होता. त्यानंतर तिला मूल झालं नाही. आणि त्यानंतर आजपर्यंत या घरात त्या मुलीचं नाव निघालं नव्हतं, नाव नव्हतंच म्हणून असेल. सरजाबाईला वाटायचं, म्हातारी विसरली. म्हातारी तर उलट तिला वांझोटी म्हणायची, भांडण लागलं की.

"मला वाटलं तुमच्या ध्यानात न्हाई," ती म्हणाली.

"माझ्या हातावर गेली ती. ध्यानात नसंल व्हय." म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "मला बी कोण इचारलं व्हतं. पोराचं लगीन करून तुला आणलं, पोट आलं, दुष्काळ पडला. ज्याचं त्यानं आपलं आपलं केलं."

बाहेर कुत्र्यांची एक मारामारी झाली आणि मिटली. मग पार्वतीबाईनं खाकरून घसा साफ केला, जसं काही आता कामाचं बोलायचं होतं.

"जिलानीनं सुपारी आणली का?"

"कसली सुपारी?"

"अगं, अर्धलीचा शब्द दोघांतला आसतो. धनी मेला की शब्द बी मेला. म्हशीवाला मग नव्यानं येतो, सुपारी ठिवतो, आन् ज्याच्या हातात दावं त्याला इचारतो, ठिवणार का म्हणून. ठिवायचं तर सुपारी घ्यायची, नसलं तर फिरवायची. माझ्या सासऱ्याच्या माघारी पाटलाचा गडी आला व्हता आमच्या दारी म्हशीपायी. मला इचारलं न्हाई, दिराला इचारलं, पर इचारलं."

"जिलानीभाईनं न्हाई इचारलं."

"कशाला इचारंल? बाईमाणसाला नवऱ्याची नोकरी मिळाली, तसा नवऱ्याचा शब्द बी मिळाला म्हणायचं. झालं."

त्या रात्री सरजाबाईला झोप लागली की नाही, हे तिनं पुढं कुणाला सांगितलं नाही.

सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांमुळं हरणीला घरी ठेवायची सोय नव्हती. म्हातारीच्यानं काठी उचलली जात नव्हती. म्हणून सरजाबाईनं तिला कार्यालयात आणलं आणि व्हरांड्यात, नव्या पाटीखालच्या खांबाला बांधलं. ऊन सकाळीच भाजत होतं. टँकर आला नव्हता. थोड्या वेळानं जिलानी नवा दोर घेऊन आला. रेणापूरला जाणारी जीप बाजारात उभी आहे, म्हणाला. स्वामी बाहेर आले, दप्तरी आला, नाईक आला. पांढऱ्या पायाच्या नराचा मालक या नात्यानं नाईक हरणीच्या सगळ्यात जवळ उभा राहिला.

जिलानी दोर सोडायला वाकला.

"जिलानीभाई," सरजाबाई म्हणाली, "सुपारी आणलीत का?"

जिलानी वाकलेला होता तो तसाच राहिला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. त्याच्या बापानं, आज्यानं किती ठिकाणी सुपाऱ्या ठेवल्या होत्या ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं. रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही. ती इथं लागू होती, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याचं तोंड उतरलं, धनुकलीची तात सैल व्हावी तसं.

"चुकलं, भाभी," तो म्हणाला. "व्यंकटीच्या माघारी तुला इचाराया पाहिजे व्हतं. माझ्या अक्कलंत आलं न्हाई."

"आता इचारा."

त्याच्याकडं सुपारी नव्हती. तो खिसे चाचपू लागला, तशी स्वामींनी लगबगीनं चंचीतून एक अख्खी सुपारी काढून दिली. कार्यालयात इतक्या तातडीनं कुणाला काही दिल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. स्वामींच्या मते ती त्यांच्या जोडीची सुपारी होती. जिलानीनं ती दोन्ही हातांनी सरजाबाईच्या तळहातावर ठेवली आणि बापजाद्यांचे शब्द म्हटले, थोडे अडखळत, कारण बाईमाणसासमोर ते आजवर कुणी म्हटले नव्हते.

"ही हरणी अर्धलीनं ठेवणार का? पिल्लं अर्धी तुझी, अर्धी माझी. ऊन-पाऊस तुझा. कबूल असंल तर ठेव, नसंल तर फिरव."

सरजाबाईनं सुपारीकडं पाहिलं. कुणीतरी तिला काही विचारलं होतं. एवढ्या वर्षांत, लग्नाला धरून, नोकरीला धरून, हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि तिच्या उत्तराची खरंच वाट बघत माणसं उभी होती. हरणीनं येऊन तिच्या पायावर हनुवटी टेकवली. सुपारी मुठीत धरली की हरणी घरी राहणार होती. रोज एक बादलीही येणार होती, निदान स्वामींच्या तोंडून तरी.

तिनं सुपारी जिलानीच्या हातात परत ठेवली.

नाईकानं स्वामींकडं पाहिलं आणि स्वामींनी पाटीकडं. सर्वांत जास्त हबकली ती सरजाबाई स्वतः. शब्द तिच्या तोंडून निघाला नव्हता, हातून निघाला होता, आणि हात परत घ्यावासा तिला वाटला नाही.

"मग कुत्री न्यावी लागंल, भाभी," जिलानी म्हणाला. त्याचा आवाज चोरासारखा झाला होता. "रीतच हाय तशी. मला काय हौस न्हाई."

"न्या. रेणापूरला नगं, तिथं बी हीच गत हाय. तुमच्या गावाला न्या. पैनगंगेच्या डोहाला उन्हाळाभर पाणी असतंय म्हणता."

"असतंय. कमी असतंय, पर असतंय."

"औंदा फळवू नका. पाऊस पडू द्या, मग तुमची तुम्ही बघा. बादल असो का तुमच्या गावातला आणखी कोण, औंदा न्हाई."

ही अट रीतीत कुठंच बसत नव्हती. कुत्री परत आली की ती पुरती जिलानीची. तिचं काय करायचं ते त्यानं ठरवायचं. जिलानी दोर हातात फिरवत राहिला. लातुरातून नांदेडला डाळीचे ट्रक जातात, त्यातला एक त्याच्या ओळखीचा होता. जीप सोडून आता तो धरावा लागणार होता.

"औंदा न्हाई," तो शेवटी म्हणाला. "घरवालीला, गौसियाला बी सांगतो. माझ्यापेक्षा तिचं ध्यान जास्त ऱ्हाईल."

स्वामींना राहवेना. "सरजाबाई, हे ठीक आहे, पण आमच्या जोडीचं काय? व्यंकटीनं शब्द दिला होता."

"व्यंकटीलाच मागा, साहेब," सरजाबाई म्हणाली.

दप्तरी हसला आणि लगेच खोकला. स्वामींनी चंची गुंडाळली. ज्या बाईला काल त्यांनी रोजची बादली देऊ केली होती, तीच ही बाई, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं.

जिलानीनं दोर हरणीच्या गळ्यात घातला. हरणीनं त्याचा हात हुंगला, हुंगत राहिली, मग शेपूट हलवली. तिला तो आठवत होता. ती न अडता त्याच्यामागं चार पावलं गेलीही. सरजाबाईला वाटलं होतं, ओढून न्यावी लागेल, रडेल. तसं काही झालं नाही. तिला हे लागलं, आणि त्यातच थोडं बरंही वाटलं.

"भाभी," जिलानी पायरीवर थांबला, "ट्रक नांदेडपर्यंत कुठं थांबतोय, न्हाई थांबत. घोटभर पाणी पाजशील का हिला?"

माठ कोरडा होता. टँकर आला नव्हता. सरजाबाई आत गेली आणि साहेबांच्या मेजावरचा पेला घेऊन आली. त्याचं झाकण उलटं करून पायरीवर ठेवलं, थोडं थोडं ओतत गेली. स्वामी बघत होते.

हरणी ते सगळं पाणी प्याली.